गेममध्ये कोणताही संघ घेता येतो, मग एकाच संघाला आयुष्यभर चिकटून का राहायचं?

तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही पुण्याचे. फुटबॉलच्या गेममध्ये दर आठवड्याला नवा क्लब घेता, आयपीएलमध्ये जो संघ फॉर्मात असेल त्याच्या बाजूने होता, आणि काही लोक एकाच संघापायी एवढा जीव का काढतात हे तुम्हाला खरोखरच कळत नाही. खेड्यातले गेम खेळणारे याबद्दल काय म्हणतात, असंही तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला कास्तकार. पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर आणि पाणी असेल तेवढा हरभरा. रात्री गेम खेळतो, आणि रणजी या देशांतर्गत क्रिकेट स्पर्धेतला विदर्भाचा संघ माझा आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

माझं उत्तर असं आहे की एका संघाला चिकटायला मला गेमनेच शिकवलं. कारण मला जो संघ हवा होता तो गेममध्ये नव्हताच.

आमच्या वेळी तालुक्याच्या गावात सायबर कॅफे होता आणि तिथे ईए स्पोर्ट्सचं क्रिकेट 07 टाकलेलं असायचं. 2006 च्या शेवटी आलेला तो गेम आमच्याकडे पुढे कितीतरी वर्षं चालला. त्यात देशांचे संघ होते, शिवाय इंग्लंडच्या काउंटी आणि ऑस्ट्रेलियातली राज्यंही होती. म्हणजे दारव्ह्याचं पोरगं टास्मानिया घेऊन खेळू शकत होतं, पण विदर्भ घेऊन नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण तेव्हा विदर्भाचा संघ कोणाच्या बोलण्यातही नसायचा. रणजीमध्ये विदर्भ 1957-58 पासून खेळतोय, आणि पहिली ट्रॉफी मिळायला 2017-18 चा हंगाम उजाडावा लागला. साठ वर्षं! आमच्या बापाच्या पिढीने सुनील गावस्करसाठी मुंबईला आपलं मानलं, आमच्या पिढीने सचिनसाठी. नागपूरला मॅच म्हणजे भारताची मॅच, एवढंच डोक्यात होतं.

उमेश यादव आला आणि पहिल्यांदा कान टवकारले. नागपूर जिल्ह्यातल्या खाणीच्या वस्तीत वाढलेला, बाप कोळसा खाणीत कामाला, आणि पोरगा 2011 मध्ये भारताकडून कसोटी खेळतो. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत गेलेला तो पहिलाच. आमच्या टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये त्या वर्षी प्रत्येक फास्ट बॉलर लांबून पळत यायला लागला होता.

मग 2017-18. पऱ्हाटीची वेचणी चालू, मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून मोबाइलवर स्कोअर उघडतोय, आणि कोलकात्याला सेमीफायनलमध्ये कर्नाटक विजयाच्या अगदी तोंडाशी. विदर्भ 5 धावांनी जिंकला. दुसऱ्या डावात रजनीश गुरबानीच्या 7 विकेट. फायनल इंदूरला, समोर दिल्ली, आणि त्याच गुरबानीने हॅटट्रिक घेतली. त्या हॅटट्रिकमध्ये 145 धावा काढून बसलेल्या ध्रुव शोरीचीही विकेट होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुढे अक्षय वाडकरने 133 काढले, त्याचं पहिलं प्रथम श्रेणी शतक. कर्णधार फैज फजल, कोच चंद्रकांत पंडित, आणि मुंबईहून आलेला वसीम जाफर. 1 जानेवारी 2018 ला विदर्भ 9 विकेट राखून जिंकला. वेचणाऱ्या बायांना मी हे सांगितलं तर त्यातली एक म्हणाली, "मंग आपल्या इकडचेच पोट्टे हायेत काय ते?" हो म्हटलं, आपल्याच इकडचे.

तेव्हापासून मला गेममध्ये विदर्भ पाहिजे होता.

बिग अँट कंपनीच्या क्रिकेटच्या गेममध्ये अकॅडमी नावाचा भाग असतो. त्यात खेळाडू बनवता येतो, संघ बनवता येतो, जर्सीचा रंग, चिन्ह, सगळं. मी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला, इन्व्हर्टर आधीपासून होताच, आणि सेलमध्ये गेम घेऊन विदर्भ बांधायला बसलो. तुम्ही हे कधी केलं नसेल तर सांगतो, तयार संघ निवडण्यापेक्षा ते फार वेगळं काम आहे. चेहरा घडवायला नाक, हनुवटी, कपाळ यांच्या पट्ट्या डावीउजवीकडे सरकवायच्या. तिथे वेळ जातो पण डोकं लागत नाही. खरं डोकं लागतं आकडे भरताना. गुरबानीचा वेग किती ठेवायचा? तो काही उमेशसारखा तुफान नाही, त्याची कमाई स्विंग आणि टप्प्याची. वेग वाढवला की तो गुरबानी राहत नाही, कमी ठेवला की गेममधले फलंदाज त्याला फोडून काढतात. फैज फजलला संयमाचे किती गुण द्यायचे? आक्रमकता कमी दिली तर दिवसभर टुकूटुकू खेळतो, जास्त दिली तर पहिल्या अर्ध्या तासात स्लिपमध्ये झेल देतो. असा एकेक आकडा ठरवायला मी जुने स्कोअरकार्ड काढून बसायचो. कोण कितव्या क्रमांकावर येतो, किती चेंडू खेळतो, कोणत्या परिस्थितीत उभा राहतो. या कामात मला संघ पाठ झाला. पाठ झाला की तो सुटत नाही.

गेमचा दुसरा उपकार म्हणजे फील्ड लावणं. टीव्हीवर आपण चेंडू आणि फलंदाज बघतो. गेममध्ये कर्णधार आपण असतो, त्यामुळे नऊ माणसं कुठे उभी करायची हे दर षटकाला ठरवावं लागतं. डावखुऱ्या स्पिनरला सिली पॉइंट, म्हणजे फलंदाजाच्या अगदी तोंडाशी उभा फील्डर, दिला तर लांबची कव्हरची जागा मोकळी पडते, आणि फलंदाजाला तिकडेच मारायचा मोह व्हावा म्हणून ती मुद्दाम मोकळी ठेवायची असते. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नसतो. चार दिवसांची मॅच कंटाळवाणी आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, गेममध्ये लांब फॉरमॅटची एक मॅच पूर्ण खेळा, पटापट पुढे न ढकलता. नंतर रणजी बघा. कर्णधाराने एक माणूस चार पावलं इकडेतिकडे केला तरी कळतं.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. तुम्ही लिहिलंय, खेळाडूच संघ बदलतात, मग आपण का बदलू नये. हा प्रश्न खरा आहे आणि विदर्भवाल्याला तो फार जवळून भिडलेला आहे.

आदित्य सरवटे घ्या, आमचा डावखुरा स्पिनर. 2018-19 ची फायनल नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमवर झाली, सौराष्ट्राविरुद्ध. सरवटेने सामन्यात 11 विकेट घेतल्या आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत काढलं, एकदा 1 वर, एकदा 0 वर. आम्ही 78 धावांनी जिंकलो, लागोपाठ दुसऱ्या वर्षी. माझ्या गेममधल्या संघात सरवटेवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली आहे. आणि 2024-25 ला सरवटे केरळकडून खेळायला गेला. अहमदाबादच्या सेमीफायनलमध्ये गुजरातला बरोबरी करायला मोजक्या धावा राहिलेल्या, शेवटची जोडी खेळतेय, सरवटेच्या चेंडूवर फलंदाजाने जोरात मारलं, चेंडू जवळच्या फील्डरच्या हेल्मेटला लागून उडाला आणि स्लिपमध्ये झेल गेला. केरळला पहिल्या डावात 2 धावांची आघाडी मिळाली, सामना अनिर्णित राहिला, आणि त्या आघाडीवर ते पहिल्यांदा रणजीच्या फायनलला आले. फायनल कुठे? जामठ्याला. कोणाशी? विदर्भाशी.

त्या फायनलच्या तिसऱ्या दिवशी मी गेलो होतो. आमच्याकडून वर्धामार्गे निघालं की नागपूर शहराच्या आधीच जामठा लागतं, ते स्टेडियम वर्धा रोडवरच आहे. सरवटे फलंदाजी करत होता. 79 केले त्याने. माझ्या आजूबाजूला बसलेल्या पोरांना त्याचं काय करावं हेच कळत नव्हतं. चौकार मारला की टाळी वाजवायला हात उठायचे आणि अर्ध्यात थांबायचे. बाद झाला तो हर्ष दुबेच्या चेंडूवर. तोही डावखुरा स्पिनर, सरवटेची जागा ज्याने भरून काढली तोच पोरगा. सरवटे पॅव्हेलियनकडे निघाला तेव्हा मात्र आमच्या बाजूचे सगळे उठून उभे राहिले. मीही. त्याच डावात दुबेने हंगामातली 69 वी विकेट घेतली, रणजीच्या एका हंगामातला सगळ्यात मोठा आकडा. केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 वर झेल देऊन गेला आणि केरळ 342 ला आटोपलं. आमचे 379 होते. 37 धावांच्या त्या आघाडीवर ट्रॉफी विदर्भाची झाली, कारण सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावाची आघाडी चालते.

आणि दुसरीकडे ध्रुव शोरी. ज्याची विकेट घेऊन गुरबानीने हॅटट्रिक केली, तो पुढे दिल्ली सोडून विदर्भात आला आणि 2025 च्या या फायनलमध्ये आमच्याकडून खेळला. करुण नायर कर्नाटकातून आला, त्या फायनलमध्ये 86 आणि 135 काढले, आणि पुढच्या हंगामात परत कर्नाटकात गेला. आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. यात रागावण्यासारखं काही नाही. खेळाडूचं करिअर लहान असतं, त्याने जिथे संधी आहे तिथे जावं. पण चाहत्याला करिअर नसतं. मी जर निकाल बघून संघ बदलला तर सरवटे बाद होऊन निघाला तेव्हा मला उठून उभं राहायचं कारणच उरलं नसतं. तो विरोधी संघातला एक डावखुरा फलंदाज असता, बास.

म्हणून गेममध्ये मी एक पद्धत ठेवली आहे. दर हंगामाचा विदर्भ वेगळा जपून ठेवतो. 2017-18 चा वेगळा, 2018-19 चा वेगळा, पुढचेही तसेच. गेलेल्या खेळाडूला प्रेमापोटी चालू संघात ठेवत नाही. माझे काही गेमर मित्र ठेवतात, म्हणतात आपलाच गेम, आपल्याला अडवणारं कोण. मला ते पटत नाही. मैदानावर जे झालं ते गेममध्ये उतरलं पाहिजे, नाहीतर त्या संघाला विदर्भ म्हणायचं कशाला? सरवटेबरोबर खेळावंसं वाटलं की मी 2018-19 उघडतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर अक्षय वाडकर. 2018 मध्ये इंदूरला पहिलं शतक करणारा विकेटकीपर. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्ध फायनल, वाडकर कर्णधार, पहिल्या डावात विदर्भ 105 वर गारद, आणि जिंकायला 538 हवेत. अशा वेळी बहुतेक संघ सामान आवरायला घेतात. पाचव्या दिवशी सकाळी वाडकर आणि हर्ष दुबे जेवणाच्या सुट्टीपर्यंत विकेट न देता खेळले. मुंबईत, मुंबईविरुद्ध. वाडकरचे 102, दुबेचे 65, आणि संघ 368 वर संपला. हरलो, 169 धावांनी. त्या दिवशी गावातल्या एकाने मला विचारलं, हरलेली मॅच एवढी काय सांगतो? पण वर्षभराने त्याच मुंबईला आम्ही सेमीफायनलमध्ये 80 धावांनी हरवलं, पहिल्या डावात पार्थ रेखाडेने रहाणे, सूर्यकुमार आणि मुंबईचा शिवम दुबे एकाच षटकात काढले, आणि मग जामठ्याला वाडकरने ट्रॉफी उचलली. ज्याने वानखेडेची ती सकाळ पाहिली नाही त्याला जामठ्याची संध्याकाळ अर्धीच कळली. दर आठवड्याला संघ बदलणाऱ्याला ट्रॉफी केव्हाही मिळेल, पण अशी सकाळ मिळणार नाही.

आता खेड्याबद्दल विचारलंत म्हणून थोडं. तुम्हाला वाटत असेल की इकडे गेमिंग म्हणजे पारावर बसून बीजीएमआय आणि फ्री फायर. ते आहेच. 2020 मध्ये पब्जी बंद झालं तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते, 2021 ला त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय आलं, 2022 मध्ये तेही गेलं, 2023 मध्ये परत आलं. कामठीला फुटबॉल जुना, त्यामुळे तिकडच्या माझ्या ओळखीच्या पोरांच्या फोनमध्ये ईफुटबॉल असतं. आणि 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून माझ्या पुतणीच्या मोबाइलात बुद्धिबळ आलंय. रात्री जागलीला जातो तेव्हा मी स्वतः मोबाइलवरचं क्रिकेट खेळतो, जे नेटशिवाय चालतं, कारण वावरात रेंज धड नसते. एक षटक टाकायचं, टॉर्च फिरवून रानडुकरं आलीत का बघायचं, मग पुढचं षटक. पंपाची तीन फेजची लाइन रात्री असली तर ओलीत करताना, म्हणजे पिकाला पाणी देतानाही तेच.

पण एका गोष्टीशी माझं वैर आहे, आणि ती म्हणजे पैसे लावून खेळायचे ॲप. गेमिंगच्या नावाखाली ते शिरले. रोजच्या मॅचला आपली टीम लावायची, त्यावर पैसे. त्याने पोरांचं मॅच बघणंच नासलं. विदर्भाच्या बॉलरला विकेट मिळाली तर हळहळणारा पोरगा मी आमच्या पारावर पाहिलाय, कारण बाद झालेला फलंदाज त्याच्या ॲपवरच्या टीममध्ये होता. त्याच्याकडे सगळ्या संघांचे खेळाडू होते आणि एकही संघ नव्हता. पैसे किती गेले ते त्याने घरी सांगितलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायदा करून पैशाचे ऑनलाइन गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं ठेवून मान्यता दिली. मला तो भेद बरोबर वाटतो. खेळण्यासाठी कंट्रोलर हातात घेणारा आणि खात्यात पैसे येतील म्हणून स्क्रीन बघणारा, यांना एका माळेत ओवू नका, असं मी गावातल्या मास्तरांनाही सांगतो.

घरच्यांचं म्हणाल तर आमचे आबाजी सुरुवातीला चिडायचे. "त्या टीममधल्या एकाले तरी तू ओयखते काय? मंग काऊन एवढा जीव लावते?" मी म्हटलं, आबाजी, तुम्ही तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, बैलजोड्यांच्या शर्यतीला, जायचे तेव्हा जोडीचा मालक तुम्हाला ओळखायचा का? ते गप्प नाही झाले, उलट खुलले. कोणत्या गावची जोडी, जोडी हाकणारा धुरकरी कोण, बैलांचा रंग कोणता, किती सेकंदांत पट मारला, सगळं सांगत बसले. पट मध्यंतरी कोर्टाने बंद केला होता आणि मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने वाट पूर्ण मोकळी केली, तेव्हा आबाजींना किती आनंद झाला ते मी पाहिलंय. त्यांची आवडती जोडी कधीच थकून गोठ्यात बसली होती, तरी त्या गावच्या नव्या जोडीकडेच त्यांचं लक्ष. बैल बदलले, गाव तेच. आता रणजीचा हंगाम लागला की तेच विचारतात, "आपले पोट्टे कुठं खेळून रायले आज?"

तर तुम्ही काय करावं? मी तुम्हाला विदर्भाचे व्हा म्हणणार नाही, तुम्ही पुण्याचे आहात. आपल्या राज्यात रणजीचे तीन संघ आहेत: मुंबई, विदर्भ आणि तुमचा महाराष्ट्र. महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 ला लागोपाठ रणजी जिंकली आणि त्यानंतर एकदाही नाही. 2013-14 ला फायनलपर्यंत जाऊन कर्नाटकाकडून हरले. ऋतुराज गायकवाडने 2022 मध्ये विजय हजारे स्पर्धेत एका षटकात, एक नो-बॉल धरून, सात षटकार मारले तो याच संघाकडून. तुमच्या घरापासून गहुंजेचं स्टेडियम किती लांब असेल? रणजीला गर्दी नसते, हवी ती जागा मिळते, आणि बाउंड्रीजवळ बसलं तर खेळाडूंचं आपसातलं बोलणंही ऐकू येतं.

महाराष्ट्राचा एक सामना पहिल्या दिवसापासून बघा आणि मग अकॅडमी उघडून ते अकरा जण बनवायला घ्या. सुरुवात सलामीच्या जोडीपासून करू नका, आधी विकेटकीपर बनवा. त्याचे आकडे सगळ्यात अवघड असतात, आणि ते भरताना कुठे अडलात तर खाली विचारा. हरभऱ्याला पाणी देणं चालू आहे, रात्री जागाच असतो.